अंधारात ताणलेली दोरी

वर्तुळ काढायला डोळे लागत नाहीत. एकाने जागा न सोडता उभे राहायचे, दुसऱ्याने दोरीचे टोक धरून, ती कुठेही सैल पडू न देता चालायचे. तो निघाला तिथेच परत पोचतो आणि वर्तुळ पुरे होते. भर दुपारी हे जितके खरे, तितकेच अमावास्येच्या रात्रीही. इंग्लंडच्या दक्षिणेला विल्टशर आणि हॅम्पशर परगण्यांत उभ्या पिकात जी आखीव चित्रे दर उन्हाळ्यात उमटतात, त्यांचा विचार करताना माझे मन पहिल्यांदा या दोरीपाशी जाते. तबकड्या आणि परग्रहवासी यांच्याविषयी इतके बोलून झाले आहे की या चित्रांतली सगळ्यांत नवलाची गोष्ट झाकली गेली. ही चित्रे काढणाऱ्यांना ती काढताना दिसत नाहीत.

चित्रे कोण काढते, याचे उत्तर ९ सप्टेंबर १९९१ रोजी ‘टुडे’ या इंग्रजी दैनिकाने छापले. साउदॅम्प्टनचे डग बावर आणि डेव्ह चोर्ली हे साठी ओलांडलेले दोन मित्र पुढे आले आणि १९७८ पासून आपण हे करत आलो आहोत, असे त्यांनी सांगितले. बावर काही वर्षे ऑस्ट्रेलियात राहिले होते. तिथे १९६६ मध्ये क्वीन्सलंडमधल्या टली गावाजवळच्या पाणथळीत लव्हाळ्यांचे एक गोल घरटे सापडले होते आणि त्याचा बराच गाजावाजा झाला होता. ती आठवण मनात होती. विंचेस्टरजवळ चीझफूट हेड नावाची जागा आहे. जमीन तिथे वाडग्यासारखी खोलगट होत जाते, वरून रस्ता जातो आणि रस्त्यावरून खालचे शेत पुरते दिसते. दोघांनी ती जागा निवडली. साहित्य म्हणजे लाकडी फळी, तिच्या दोन टोकांना बांधलेली दोरी, आणि अंधारात सरळ रेषेत चालता यावे म्हणून टोपीला अडकवलेले तारेचे एक छोटे कडे. त्या कड्यातून लांबचा एखादा दिवा किंवा झाड धरून ठेवायचे आणि त्याच्या रोखाने पावले टाकायची. सुरुवातीची काही वर्षे कोणाचे लक्षही गेले नाही. तरी ते जात राहिले. गाडी इतके मैल कुठे फिरते, म्हणून बावर यांच्या पत्नीला संशय आला, तेव्हा त्यांना घरी खरे सांगावे लागले. बाहेर त्यांनी अवाक्षर काढले नव्हते.

या गुप्ततेवर पुष्कळांनी टीका केली आणि ती सगळीच चुकीची नाही. पण केलेल्या कामावर नाव नाही, कौतुक दुसऱ्याच कोणाच्या पदरात पडते आहे, आणि तरी पुढच्या उन्हाळ्यात माणूस पुन्हा फळी उचलतो, हे मला क्षुल्लक वाटत नाही.

पहिली चित्रे साधी गोल होती. टेरेन्स मीडन या हवामानशास्त्रज्ञांनी मांडले की ही टेकड्यांच्या आडोशाला उठणाऱ्या वावटळींची करणी असावी. विचार बिनबुडाचा नव्हता. वाऱ्याने आणि पावसाने पीक लोळते हे कोणताही शेतकरी जाणतो, आणि सरे परगण्यात वादळानंतर गव्हात गोल जागा पडल्याचे पत्र ‘नेचर’ या नियतकालिकात १८८० मध्येच छापून आले होते. पण हे स्पष्टीकरण कानावर येताच दोघा मित्रांनी वर्तुळांना सरळ रेषा जोडायला सुरुवात केली. वारा सरळ रेषा आखत नाही. वादाचे उत्तर त्यांनी शेतात दिले, आणि त्या उत्तरातून पीकवर्तुळांची भूमिती वाढत गेली. वर्तुळांना कडी आली, कड्यांना दांडे, मग त्रिकोण, चौकोन, षट्कोन. १९९० च्या जुलैत विल्टशरमधल्या ऑल्टन बार्न्स गावाशेजारी एक लांबलचक चित्रमाळ उमटली, तोवर हे काम दोघांपुरते राहिलेच नव्हते.

इथे जेराल्ड हॉकिन्स यांच्याविषयी सांगितले पाहिजे. ते खगोलशास्त्रज्ञ. स्टोनहेंजच्या शिळांचा सूर्य-चंद्राच्या उगवण्या-मावळण्याशी मेळ कसा बसतो, हे मांडणारे त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये गाजले होते. पुढे त्यांनी पीकवर्तुळांची मापे हाती घेतली आणि त्यांत त्यांना युक्लिडच्या धर्तीची चार प्रमेये दिसली. त्यांतली तीन कोणालाही कंपास घेऊन पडताळता येतील. वर्तुळात समभुज त्रिकोण बसवा आणि त्या त्रिकोणाच्या पोटात त्याच्या बाजूंना टेकणारे दुसरे वर्तुळ काढा. बाहेरच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ आतल्याच्या चौपट येते. त्रिकोणाऐवजी चौरस घेतला तर दुप्पट. सुसम षट्कोन घेतला तर चारास तीन.

चारास एक, दोनास एक, चारास तीन. ही गुणोत्तरे पाहून हॉकिन्स यांना पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या आठवल्या. आपल्याला वेगळे काही आठवेल. षड्जाच्या कंपनसंख्येची दुप्पट म्हणजे तार षड्ज, चौपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला षड्ज, आणि चारास तीन हा शुद्ध मध्यम. मालकंसाला तानपुऱ्याची पहिली तार ज्या स्वरात लावतात तो हा मध्यम. एका षट्कोनाच्या आतबाहेरच्या दोन वर्तुळांत तो बसलेला आहे, हे कळल्यावर मी बराच वेळ कागदावर षट्कोनच काढत होतो.

हॉकिन्स यांना प्रश्न पडला की शेतात रात्री घुसणाऱ्यांना ही भूमिती येते कशी? प्रश्न प्रामाणिक होता आणि ते त्यावर अनेक वर्षे गुंतून राहिले. मला त्याचे उत्तर असे वाटते की ती त्यांना यावी लागत नाही, ती दोरीला येते. वर्तुळाच्या त्रिज्येएवढीच दोरी घ्या आणि परिघावर एकापुढे एक टप्पे टाकत जा. सहा टप्प्यांत तुम्ही निघालेल्या ठिकाणी येता आणि षट्कोन तयार असतो. एकाआड एक बिंदू जोडले की समभुज त्रिकोण. फळी ओढणाऱ्याने प्रमेयाचे नाव ऐकलेले नसले तरी चारास तीन त्याच्या पायाखाली येऊन बसते. अट एकच, दोरी ढिली पडता कामा नये आणि मधल्या माणसाने पाय हलवायचा नाही. काम करणाऱ्याच्या ज्ञानापेक्षा मोठे सत्य त्याच्या कामात उतरू शकते, आणि ते उतरण्यासाठी त्याच्याकडून मापाची निष्ठा तेवढी मागितली जाते. हा विचार मला फार धीर देतो. आपण ज्याला प्रतिभा म्हणतो त्यातला केवढा तरी भाग असा न हललेल्या पायाचा असेल.

पुढे मात्र जाणते लोकही या कामात उतरले. १ जून २००८ रोजी विल्टशरमध्ये बार्बरी कॅसल या जुन्या डोंगरी गढीजवळ बार्लीच्या शेतात एक आकृती दिसली. मधून निघून बाहेर पसरत जाणारी, मध्येमध्ये पायरी घेणारी वळणवाट. माइक रीड या खगोलभौतिकीतज्ज्ञांनी तिचे छायाचित्र पाहून ती वाचली. वर्तुळाचे दहा समान भाग कल्पायचे. मधून निघून पहिल्या पायरीपर्यंत वाट तीन भाग ओलांडते, पुढच्या पायरीपर्यंत एक, मग चार, एक, पाच, नऊ, दोन, सहा, पाच, चार. शिवाय पहिल्या तीनानंतर एक छोटे वर्तुळ, ते दशांशचिन्ह. म्हणजे पाय, वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर, दहा अंकांपर्यंत.

यातला शेवटचा अंक चार आहे याकडे लक्ष द्यावे. पायचा तो अंक खरे तर तीन, पण त्याच्या पुढे पाच आणि आठ येत असल्याने जवळची किंमत घेताना त्याचा चार होतो. या दहा अंकांची बेरीज करून पाहिली तर ती चाळीस भरते. दहा भागांचा एक वेढा, म्हणजे वाटेचे नेमके चार वेढे होतात आणि ती जिथल्या रेषेवरून निघाली त्याच रेषेवर संपते. तीन ठेवला असता तर एका भागाने उणी पडली असती. काढणाऱ्यांनी ही बेरीज केली होती की ती आपसूक जुळली, कोण जाणे. पण ज्या संख्येचा विस्तार कधी संपत नाही आणि कधी पुनरावृत्त होत नाही, ती एका शेतात असा पुरा फेरा घेऊन थांबते, हे पाहताना मन भरून येते.

मापाला चूकही ठाऊक आहे. २२ मे २०१० रोजी विल्टन गावाच्या पवनचक्कीजवळ, फुललेल्या पिवळ्या रेपसीडमध्ये बारा पाकळ्यांची आकृती उमटली. प्रत्येक पाकळीत आठ खुणांची जागा होती, संगणकात अक्षरे साठवतात तशा शून्य-एकाच्या संकेतातली. वाचून पाहिल्यावर ऑयलरचे प्रसिद्ध सूत्र डोकावू लागले, ई, आय, पाय, एक आणि शून्य या पाचांना एका ओळीत बांधणारे. पण ते तंतोतंत उतरले नव्हते. अधिकचिन्ह हवे तिथे कंस आला होता आणि आत एक आगंतुक अक्षर शिरले होते. कोणी त्यात गूढ संदेश शोधले. मी संकेतांची कोष्टके समोर ठेवून पाहिली. अधिकचिन्ह आणि बंद कंस यांच्या संकेतांत आठांपैकी एकाच खुणेचा फरक आहे. त्या आगंतुक अक्षरात आणि उघड्या कंसातही एकाच खुणेचा. म्हणजे कोणाच्या तरी हातून अंधारात एखादा तुकडा लोळवायचा राहिला असेल, किंवा नको तो लोळवला गेला असेल. उभ्या पिकात खोडरबर नसतो. एकदा निजवलेले ताट हाताने उभे करता येत नाही, पहाट होत आलेली असते, आणि चूक झाली हेही तेव्हा कळत नाही, कारण चित्र दिसतच नाही. ते दुसऱ्या दिवशी वरून काढलेल्या छायाचित्रात, सगळ्या जगाबरोबर पाहायचे.

ही स्थिती मला विलक्षण वाटते. रांगोळी काढणारी बाई निदान आपल्या रांगोळीच्या वर वाकलेली असते, ठिपका चुकला तर बोटाने पुसते. इथे काढणारा आपल्याच चित्राच्या आत, कमरेएवढ्या गव्हात उभा असतो. जूनच्या अखेरीस तिकडे सूर्य रात्री साडेनवाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पाचच्या आत उगवतो. खरा काळोख चार-पाच तासांचा. दिवा लावायचा नाही, मोठ्याने बोलायचे नाही. फवारणीच्या ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीतून आत शिरायचे, म्हणजे पिकात नवी पायवाट पडत नाही, आणि कागदावरचा आराखडा मनात धरून टेपने अंतरे मोजत जायचे. १२ ऑगस्ट २००१ रोजी मिल्क हिल या टेकडीवर सापडलेल्या आकृतीत ४०९ वर्तुळे होती आणि तिचा विस्तार सुमारे २४० मीटर. मधले एक वर्तुळ वगळले तर उरतात ४०८, त्यांना सहाने नेमका भाग जातो, सहा वळणदार हातांना प्रत्येकी ६८. रात्रीचे सात तास धरले तरी मिनिटाला जवळपास एक वर्तुळ. एकाने आपल्या वाटणीचे वर्तुळ हातभर इकडे-तिकडे केले की त्याच्यापुढची सगळी त्या चुकीवर उभी राहणार. शेजारी कोण काय करतो आहे हे दिसत नसताना त्याने आपले माप पाळले असेल, एवढ्या भरवशावर पुढचे पाऊल टाकायचे.

आणि सकाळी जो पाहायला जातो, त्यालाही आकृती दिसत नाही, हे किती जणांच्या ध्यानात येते? चाकोरीतून तो चालत जातो, दोन्ही बाजूंना गहू, अंगाला घासणारी कणसे, आणि एकाएकी पुढे मोकळी जागा. जमिनीवर गहू एकाच दिशेने निजलेला, फिरत गेलेला, पाणी वळणावर फिरावे तसा. कुठे एका थरावर दुसरा थर आडवा. मधोमध कधी मूठभर ताटे उभीच ठेवलेली. कडेला उभ्या पिकाची भिंत, इतकी साफ कापल्यासारखी की हात लावून पाहावेसे वाटते. वर आभाळाचा तेवढाच गोल. तिथे लोक गप्प होतात, बसतात, काही जण आडवे होतात. आपण त्रिकोणात आहोत की षट्कोनात, हे त्यांना सांगता येत नाही. तरी आपण कुठल्या तरी रचनेच्या आत आहोत, इथली वळणे कोणी तरी ठरवून घेतलेली आहेत, हे पायांना कळते. ज्याला वरून दिसते तो आत नसतो, आणि जो आत असतो त्याला वरून दिसत नाही.

पॅट डेल्गाडो या निवृत्त अभियंत्यांनी या शेतांत कितीतरी उन्हाळे घालवले, पुस्तक लिहिले, मनापासून मानले की हे माणसाच्या हातचे नाही. १९९१ मध्ये बावर आणि चोर्ली यांनी ‘टुडे’साठी मुद्दाम काढलेली आकृतीही त्यांनी अस्सल ठरवली आणि मग सत्य समोर आले. त्यांच्यावर पुष्कळ हसून झाले आहे. मला त्या हसण्यात सामील व्हावेसे वाटत नाही. शेतात उभे राहून त्यांना जे भारावलेपण वाटले ते खरे होते. ते कोणाच्या खात्यावर मांडायचे, एवढेच चुकले. दोन म्हातारे मित्र, एक फळी आणि एक दोरी यांनी एका शहाण्या माणसाला नि:शब्द केले, हे कळल्यावर विस्मय कमी का व्हावा? माझा तर वाढला. परग्रहावरून येणाऱ्याजवळ यंत्रे असतील, उंचीवरून पाहण्याची सोय असेल. ती नसताना केलेले काम मोठे मानले पाहिजे.

आपल्याकडेही शंकू आणि रज्जू यांची भूमिती फार जुनी आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिशा ठरवण्याची रीत दिली आहे. सपाट जमिनीवर शंकू रोवायचा, त्याच्याएवढ्या दोरीने भोवती वर्तुळ आखायचे, आणि सकाळ-संध्याकाळ शंकूच्या सावलीचे टोक परिघाला जिथे शिवते त्या दोन बिंदूंवरून पूर्व-पश्चिम रेषा काढायची. श्येनचिती या यज्ञवेदीत तर पाच थर, प्रत्येक थरात दोनशे विटा, आणि त्यांतून पंख पसरलेला ससाणा. शेजारी बसलेल्या ऋत्विजाला विटा दिसणार, फार तर एका पंखाची कड. सबंध पक्षी दिसायचा तर आभाळातूनच. आपल्याला दिसणार नाही अशा आकारासाठी विटेचे माप सांभाळणारी ती माणसे आणि गव्हात टेप धरून चालणारी ही माणसे यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. तरी मी त्यांना एका रांगेत पाहतो.

शेतकऱ्याचा विचार यात राहून जाऊ नये. ज्याने नांगरले, पेरले, फवारले, त्याच्या परवानगीवाचून त्याचे पीक लोळवले जाते, हे अन्यायाचेच आहे. आकृतीने जाते त्याहून जास्त पीक पुढच्या दिवसांत बघ्यांच्या पायांनी जाते. १९९६ च्या जुलैत स्टोनहेंजच्या समोरच्या शेतात १५१ वर्तुळांची नागमोडी आकृती उमटली तेव्हा तिथल्या शेतकऱ्याने येणाऱ्यांकडून प्रवेशाचे पैसे घेतले. ठीकच केले. काही शेतकरी बांधावर दानपेटी ठेवतात, काही दुसऱ्याच दिवशी कापणी यंत्र फिरवून आकृती पुसून टाकतात. तो त्यांचा हक्क आहे. या कलेवर माझा जीव असला तरी परवानगी घेऊन, भरपाई देऊन केलेली आकृती मला अधिक सुंदर वाटेल.

गव्हाचे स्वतःचेही एक म्हणणे असते. हिरवे ताट वाकवले तर मोडत नाही. पडलेल्या ताटाच्या पेराची खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त वाढते, पेर वळते आणि कणीस पुन्हा आभाळाकडे उचलले जाते. जूनमध्ये काढलेल्या आकृतीच्या रेघा म्हणूनच काही दिवसांत पुसट होऊ लागतात. वनस्पतीला खाली कुठे आणि वर कुठे हे कळते, आणि तेही डोळ्यांवाचून.

हॉकिन्स यांनी चार प्रमेयांच्या मुळाशी असलेले एक पाचवे शोधले होते, ज्यातून बाकीची निघतात. ते १९९२ मध्ये ‘सायन्स न्यूज’मधून वाचकांपुढे आले, पण उत्तरासकट नव्हे. चार दिली आहेत, पाचवे तुम्ही शोधा, असे त्यांचे सांगणे होते. खूण त्यांनी दिली होती. एकाच केंद्राभोवतीची वर्तुळे एका त्रिकोणाच्या बाजूंना टेकलेली आहेत, आणि त्रिकोण आपला आकार बदलतो आहे. आज वेळ काढून कागद घ्यावा, एक त्रिकोण काढावा आणि त्याचा एक कोन हळूहळू सरकवत वर्तुळांचे काय होते ते पाहावे.